ताशी अठ्ठेचाळीसची थरथर

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०
ही वही फक्त जीपसाठी. दुसऱ्या कशाचीही नोंद इथे होणार नाही.
वाहन: आमची जुनी फोर बाय फोर. काम: मागच्या डिफरन्शियलमधली क्राउन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी काढून चढाला जोर देणारा नवा सेट बसवला. २८ डिसेंबर, मी आणि धर्मेश. तक्रार: तेव्हापासून ताशी अठ्ठेचाळीसच्या आसपास गाडी खालून थरथरते, घूं असा आवाज येतो.
धर्मेश २८ तारखेच्या संध्याकाळपासून वेवजीला, आईवडिलांकडे आहे. वाडीत काम आहे. याचा थरथरीशी संबंध नाही.
मी तारापूरच्या एका कारखान्यात पंपांची कंपनं मोजते. पगार त्याचाच मिळतो. आठ दिवसांत निकाल.

५ जानेवारी, सोमवार
रात्री साडेआठला धर्मेशचा फोन. नवऱ्याने बायकोला फोन करावा यात नोंद घेण्यासारखं काही नाही, पण विषय जीपचा होता म्हणून घेते. आवाज कधी येतो, गिअरमध्ये की न्यूट्रलमध्येही, विचारलं. दोन्हीत, सांगितलं. मग म्हणाला, आवाज एकदा जाऊ दे, मग बसून आपलं काय ते ठरवू. म्हणजे त्याने परत कधी यायचं ते.
कालावधी २ मिनिटं १० सेकंद. मी कशी आहे हे विचारलं नाही. तो विषयच नव्हता.

७ जानेवारी, बुधवार
तलासरीला देवजीकाकांच्या गॅरेजमध्ये नेली. मी चालवली, ते बाजूला बसून तळव्याने पत्रा चाचपत राहिले. परत आल्यावर म्हणाले, बाय, शाफ्ट बघ. मी विचारलं, कशावरून? म्हणाले, हाताला लागलं. मी म्हणाले, क्रमाने जायला हवं: आधी टायर, मग बेअरिंग, मग गिअर, शाफ्ट शेवटी. ते म्हणाले, तू शिकलेली, तुझा शेवट तुला ठाऊक, पण शाफ्ट बघ. आणि नवरा कुठंय? दोघांनी बांधलेलं एकटीने सोडू नये, कुणाचा हात कुठं होता ते कळत नाही.
चहा चांगला होता. निदान मोजमापाशिवाय केलेलं, म्हणून ग्राह्य नाही.

११ जानेवारी, रविवार
फोनचं कंपन मोजणारं ॲप लावून चाचणी. हायवेने विवळवेढ्याच्या देवळापर्यंत जाऊन परत, चार फेऱ्या. चौथ्या फेरीला नारळवाल्या बाईने विचारलं, ताई, नवस किती बोललायस?
ताशी अठ्ठेचाळीसला कंपन अठ्ठावन्न हर्ट्झ. त्या वेगाला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, सेकंदाला एकोणतीस वेळा फिरतो. म्हणजे बरोबर दुप्पट. शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन झटके म्हटले की सर्वसाधारणपणे दोष शाफ्टच्या दोन टोकांच्या सांध्यांकडे, क्रॉसकडे, जातो. सर्वसाधारणपणे. मी घाई करणार नाही. आधी टायर.
फोन ३ मिनिटं ४० सेकंद. टायर हा मोठा विषय आहे.
संकल्प: फोन तिसऱ्या रिंगच्या आधी उचलायचा नाही.

१४ जानेवारी, बुधवार
पहिल्याच रिंगला उचलला. हात फोनजवळच होता, योगायोग.
टायर निर्दोष. हे सांगितल्यावर त्याने विचारलं, तिळगूळ खाल्लास का? फोनमागे त्यांच्या गच्चीवर पतंगांचा गोंधळ, त्याची बहीण रुपल त्याला हाका मारत होती. हो म्हटलं. खाल्ला नव्हता. कालावधी ४ मिनिटं ५ सेकंद. त्यात जीपबाहेरचे विषय: एक.
कल चढता आहे.

१७ जानेवारी, शनिवार
धर्मेश म्हणाला, उद्या येऊन स्वतः ऐकतो.
दुसऱ्या कानाने ऐकणं ही मान्य पद्धत आहे. घर पुसून काढलं, कारण धुळीत काम करता येत नाही. पडदेही धुतले.

१८ जानेवारी, रविवार
चिंचणीहून वेणूमावशी पाटी घेऊन आली. दोन पापलेटं घेतली. धर्मेशच्या घरी मासा चालत नाही. तो फक्त इथे खातो, त्याच्या आईला माहीत नाही. वेणूमावशी म्हणाली, तीन आठवडे झाले, दोन-दोन घेतेस नि दिसतेस तर एकटीच. आला का धनी? मी म्हटलं, आज येतोय. तिने तिसरं पाटीतून काढून वर ठेवलं, म्हणाली, आला तर खाईल, नाही आला तर तू खा, तुझी हाडं वर आलीत.
११.२० ला मेसेज: वाडीतली मोटर जळली, जमत नाही.
मोटर जळू शकते. जानेवारीत लोड असतो.
जेवणात तीन पापलेटं. प्रोटीन पुरेसं.

२१ जानेवारी, बुधवार
रजा टाकून डिफरन्शियल उघडलं. क्राउन आणि पिनियनमधली फट हवी तेवढीच. दातांवर रंग लावून फिरवले, ठसा मधोमध. सेट उत्तम बसलेला आहे. बसवला धर्मेशने होता.
क्राउनचे दहा बोल्ट किती आवळलेत ते पुन्हा टॉर्क रेंचने मोजून तपासले. २८ तारखेलाही तपासले होते. तो एकेक आवळत होता आणि मी लगेच त्याच्यामागून त्याच बोल्टवर रेंच लावत होते. ही पद्धत आहे. कारखान्यात कुणाला राग येत नाही. सातव्या बोल्टला तो थांबला आणि म्हणाला, मग मी इथे कशाला आहे? मी म्हणाले, आठवा आवळ.
तेव्हा एकही बोल्ट हलला नव्हता. आजही नाही. नोंद केवळ तांत्रिक.

२४ जानेवारी, शनिवार. रात्री ९.००
मी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढते. २८ डिसेंबरचे आज मोठे करून पाहिले.
त्या दिवशी काम सुरू करण्याआधी धर्मेशने आईने दिलेलं कुंकू आणून जीपची पूजा केली होती. बॉनेटला स्वस्तिक, चाकांना बोटं, नारळ. मी विरोध केला नाही. नंतर मात्र गाडीखाली प्रोपेलर शाफ्टवरही कुंकू दिसलं, तेलात कालवलेलं. पूजा इथपर्यंत आणायची नाही असं म्हणून मी ते पेट्रोलच्या फडक्याने पुसून टाकलं. तेव्हा तो हात धुवायला गेला होता.
फोटो क्रमांक ३१. शाफ्ट दोन भागांत सुटण्याआधीचा. एक ठिपका शाफ्टवर, एक त्याच्यावर सरकणाऱ्या नळीवर, स्लीव्हवर. अगदी समोरासमोर, एका रेषेत.
ती पूजा नव्हती. पुन्हा जोडताना दोन्ही भाग जसेच्या तसे यावेत म्हणून केलेली खूण होती. मी खूण पुसली आणि शाफ्ट स्वतः जोडला. दोन्ही टोकांचे क्रॉस एका दिशेत नाहीत. म्हणून एका फेऱ्यात दोन झटके. म्हणून अठ्ठावन्न.
कुंकवाने खूण का केली, असा प्रश्न पडतो. पेंट मार्कर माझ्या खिशात होता. त्याने मागितला होता. मी म्हणाले होते, खुणा मी करीन.
दुरुस्तीला लागणारा वेळ: बारा मिनिटं.
साडेआठला फोन. त्याने विचारलं, काही कळलं? मी म्हणाले, अजून नाही. निष्कर्षाची खातरजमा व्हायला हवी.

२८ जानेवारी, बुधवार
खातरजमा सुरू आहे. धर्मेशला बेअरिंगबद्दल सांगितलं. त्याने बेअरिंगबद्दल त्याला माहीत असलेलं सगळं सांगितलं. ६ मिनिटं १५ सेकंद. आजवरचा उच्चांक.

१ फेब्रुवारी, रविवार
आज शाफ्ट जोडणार होते. स्पॅनर धुतले, पुसले, मापाप्रमाणे लावले. मग उकडायला लागलं.
आवाज आहे तोवर फोन आहे, असा अर्थ कुणी काढू नये. काढणारं कुणी नाही, वही माझी आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार
धर्मेशने विचारलं, शाफ्टवरच्या खुणा जुळवल्या होत्यास ना? मी म्हणाले, शाफ्टपर्यंत अजून पोचले नाही.
मग तो म्हणाला, बरं.
कालावधी ४८ सेकंद.

५ फेब्रुवारी: फोन नाही.
६ फेब्रुवारी: नाही. रेंज तपासली. चार कांड्या.
७ फेब्रुवारी: नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी शाफ्ट काढला, फोटो ३१ समोर ठेवून जोडला. बारा नाही, अकरा मिनिटं लागली.
हायवेला ताशी अठ्ठेचाळीस. काही नाही. पन्नास, साठ. काही नाही. विवळवेढ्याला वळले नाही, सरळ वेवजीला नेली.
सासूबाईंनी चहा दिला, पाहुण्यांच्या कपात. रुपल ये भाभी म्हणाली आणि आत गेली. धर्मेशने जीप चालवली, मी बाजूला. बराच वेळ काटा अठ्ठेचाळीसवर धरून ठेवला. म्हणाला, गेला आवाज. मी म्हणाले, हो. त्याने विचारलं, कधी सापडलं? मी चोवीस जानेवारी सांगितलं. तारीख चुकीची सांगता आली नाही.
त्याने गाडी कडेला घेतली. म्हणाला, मला एकोणतीस डिसेंबरलाच कळलं होतं, फोनवर आवाज ऐकवलास तेव्हाच; कुंकवाचं फडकं आदल्या दिवशी दिसलं होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, तू सांगशील, की धर्मेश, तुझी खूण मी पुसली, म्हणून रोज फोन करत होतो. एवढंच ऐकायचं होतं.
मी तेव्हा सांगितलं. शब्द तेच, जसेच्या तसे. तो म्हणाला, आता राहू दे.
मग बसून ठरवलं, ठरल्याप्रमाणे. वेगळं राहायचं. तो म्हणाला, कागद तूच बघ, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. टोमणा होता की विश्वास, मोजता आलं नाही. जीप त्याच्याकडे, वाडीला लागते. किल्ली दिली. पेंट मार्करही दिला. त्याने घेतला, टोपण उघडून पाहिलं. सुकला होता.
तलासरीहून डहाणूला घरी काळी-पिवळी जीपने आले. मधल्या सीटवर चौघं. चाळीसच्या पुढे गाडी खालून थरथरत होती. शाफ्टचा क्रॉस गेलेला, तळव्याला लागलं. ॲप उघडलं आणि बंद केलं.
साडेआठ. वाहन: नाही. तक्रार: नाही.