भानुमतीचं कोपर

११ जानेवारी, रविवार
पिशोरच्या लग्नाहून परतताना हर्सूलजवळ स्कूटर पडली. कुत्रं आडवं आलं. बायकोचं, भानुमतीचं, डावं कोपर मोडलं. कट्ट असा आवाज मी स्वतः ऐकला. तिला प्लास्टर. माझा उजवा घोटा मुरगळला. बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर. मुरगळणं मोडण्यापेक्षा वाईट, असं कुठंतरी वाचलंय.

१२ जानेवारी
संकल्प : महिनाभर स्वयंपाक मी करणार. काकडी मोडली. कट्ट! तोच आवाज. पोहे बाहेरून मागवले.

१५ जानेवारी
मेहुणे लक्ष्मणराव भेटायला आले. कुत्रं काळं होतं, असं त्यांना सांगितलं. भानुमती पंख्याकडं बघत होती. त्यांनी भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतल्या. कट्ट, कट्ट. मी गॅलरीत निघून गेलो.

१९ जानेवारी, दुपारी
डुलकीत कुत्रं आलं. भुंकलं नाही, नुसतं बघत बसलं. जे नव्हतंच ते स्वप्नात येतं कसं?
म्हणजे, होतं. काळं होतं.

२ फेब्रुवारी
प्लास्टर निघालं. हात सरळ होईना. तिला वेणी घालता येत नाही. डॉक्टर म्हणाले, फिजिओथेरपी लागेल. संकल्प : आजच तिला सगळं खरं सांगायचं. जेवण झाल्यावर.
जेवणानंतर घोटा ठणकला. उद्या.

५ फेब्रुवारी
फिजिओथेरपी कशाला? पिशोरहून मालीशवाला फकिरा बोलावला. म्हणाला, "लई नाय साहेब, दोन चोळण्यात हात मोकळा." दुसऱ्या चोळणीला भानुमती किंचाळली. कोपर टम्म सुजलं. डॉक्टर माझ्यावरच चिडले : मोडलेल्या कोपराला कुणी मालीश करतं का? सांधा आणखी आखडतो. त्यांना हे आधी सांगायला काय झालं होतं?

१६ फेब्रुवारी
सूज उतरली. आज पहिली फिजिओथेरपी. तिथल्या सायली मॅडमनी विचारलं, कशा पडलात? मी घसा खाकरला. भानुमतीच बोलली.
"हे गाडी चालवताना फोन बघत होते. ग्रुपवर यांचा फेट्यातला फोटो आला होता. मागून मला दिसत होतं." मग म्हणाली, "कुत्रं वगैरे काही नव्हतं."
मॅडमनी लिहून घेतलं. मग तिचा हात हळूहळू सरळ करू लागल्या. अर्ध्यावर अडकला. भानुमतीनं डोळे मिटले.
मी लंगडत बाहेर आलो. जिन्यात ती मागून म्हणाली,
"अहो, दुखत होता तो पाय उजवा."