रोगमुक्तीचे अभिनंदन मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय मान्यता अधिकारी,
निवृत्त कर्मचारी आरोग्य योजना,
मुख्य कचेरी, पुणे.

विषय : श्री. भीमाचार्य गलगली यांना आपण पाठवलेले अभिनंदन रद्द करणेबाबत.
संदर्भ : सदर अभिनंदनपत्र, व त्यावर अर्जदाराने धाडलेली अनुत्तरित पत्रे.

महोदय,

अर्जदार विमला गलगली, राहणार बसवनगुडी, बंगळूर, सविनय निवेदन करते की, तिचे पती भीमाचार्य यांनी आपल्या कंपनीच्या इथल्या शाखेत उभी हयात काढली. निवृत्तीनंतर त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला व ती ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. गेल्या वर्षी रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात उतरणारा घटक, पुन्हा चढू लागला. ग्रंथीच उरलेली नसताना तो चढतो, म्हणजे रोग कुठेतरी दडून बसला आहे, एवढे अर्जदारासही कळले. सीटी स्कॅन व हाडांचा स्कॅन कोरे आले. तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. सुप्रीता यांनी पीएसएमए पेट-स्कॅन सुचवला. त्यासाठी टोचलेले औषध प्रोस्टेटच्या रोगी पेशींना जाऊन चिकटते व बारीकशी गाठही उजळून दाखवते.

यावर आपण कळवलेत की, आधीचे स्कॅन कोरे असल्याने रोग नाही, सबब शोधण्याचे कारण नाही. अर्जदाराने चढत्या पीएसएकडे लक्ष वेधले. तेव्हा आपण फर्मावलेत की, रोग नेमका कोठे आहे ते प्रथम सिद्ध करावे, म्हणजे तो शोधण्यास मान्यता देता येईल. हे वाक्य लिहून झाल्यावर आपण एकदा तरी वाचलेत का, असे विचारण्याचे अर्जदाराच्या मनात होते. परंतु आपला वेळ मोलाचा आहे.

त्यानंतर आपण कृपाळू होऊन साखरेचा पेट-स्कॅन मंजूर केलात. रोगी पेशी अधाशासारखी साखर खातात आणि म्हणून त्यात उजळतात, हे खरे. पण प्रोस्टेटच्या पुष्कळशा गाठी साखरेला फारसे तोंड लावत नाहीत, असे डॉक्टरांनी आपणांस लेखी कळवले होते. पेट-स्कॅन सगळे सारखेच, असा आपला विद्वान अभिप्राय आला. स्कॅन झाला, तोही कोरा आला. आणि कोणी न विचारता, मुख्य कचेरीच्या शिक्क्यानिशी आपण लिहिलेत, "आपण रोगमुक्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन."

भीमाचार्यांनी त्या दिवशी शेजारीपाजारी चिरोटी वाटली. डॉक्टरांकडे जाणे सोडले. अर्जदार काही बोलू गेली की म्हणत, "मुख्य कचेरी खोटं लिहील का? तू स्वल्प धीर धर." पाठ दुखू लागली तेव्हा अर्जदार त्यांना आपल्या मान्यतेवाचून त्या पीएसएमए स्कॅनला घेऊन गेली. ओटीपोटातली एक गाठ व मणक्यातला एक ठिपका लख्ख उजळला.

"आधी केला असता तर मणका वाचला असता का?" असे अर्जदाराने विचारले. डॉ. सुप्रीता म्हणाल्या, "अक्का, ते मी सांगू शकत नाही. आता मात्र उशीर नको." ही अनिश्चितता आपल्या सोयीची आहे, आपण ती जपून ठेवावी.

अडचण पुढेच आहे. रोग आवरण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेले इंजेक्शन घ्यायला भीमाचार्य तयार नाहीत. नवा अहवाल समोर ठेवला तर तोंड फिरवून म्हणतात, "सरी, ठीक आहे, पुण्याहून कळवू देत, मग बघू." ते आपल्या पत्राच्या आडोशाला बसले आहेत. घाबरले आहेत. बायकोच्या सांगण्याने ते तिथून उठणार नाहीत.

सबब अर्जदार आपल्याकडे स्कॅनची मान्यता मागत नाही. खेद, चौकशी किंवा विचार यांपैकी काही आपल्या कार्यालयात शिल्लक असेल, अशी तिची समजूत नाही. आपण स्वतः फोन करून, "आमचं चुकलं, तुम्ही बरे झालेला नाहीत, औषध घ्या," एवढेच त्यांना सांगावे. पहिले इंजेक्शन सोमवारी ठेवले आहे.

मुख्य कचेरीचा फोन म्हटला की ते अजूनही उठून उभे राहतात. त्यांना आधी बसायला सांगावे, मग बोलावे.

आपली, नम्र राहून दमलेली,
विमला भीमाचार्य गलगली
बसवनगुडी, बंगळूर. गुरुवार.

सोबत : नव्या स्कॅनचा अहवाल, घरचा फोन नंबर.