व्हॅनमधला मिरचीचा धूर

रविवार, संध्याकाळ

अजून डोळे चुरचुरताहेत. व्हॅनचा तळ गंजून भोकं पडलीत, म्हणून आज अंगणातच वेल्डिंग काढलं. हे गाडीखाली आडवे, मी आत ओलं बारदान घेऊन. ठिणगीने काही पेटलं तर ते बारदान टाकून विझवायचं, एवढंच माझं काम. पेट्रोलची टाकी तिथून हातभर लांब.

गाडी मी स्वतः झाडली होती. पण दर हंगामात हिच्यातूनच नंदुरबारच्या बाजारात मिरची नेतो, तिची भुकटी पत्र्याच्या सांध्यांत बसलेली. पत्रा तापला आणि ती जळाली. सगळा धूर आत कोंडला. श्वासच घेता येईना. मी बारदान तिथेच टाकून बाहेर पळाले. यांना हाक का नाही मारली? खोकल्याने आवाज फुटेना, की सुचलंच नाही?

खाली वेल्डिंग चालूच होतं. परत डोकावले तर सीटची कड पेटलेली! बारदान दाबून धरलं, तेव्हा विझली.

थोड्या वेळाने हे हसतच बाहेर आले. "तू वर व्हती म्हनीसन माले भीती नई वाटनी."

मी बारदान पिळत राहिले. उद्या दुसरी बाजू करायचीय. "तूच बसशीन ना?" यांनी विचारलं.

मी मान डोलावली.