कोरा कोपरा

राळेगाव, मंगळवार, संध्याकाळ

आज आमच्या शोधाचा निकाल उघडला. काही नाही.

प्रोटॉन एकमेकांवर आदळले की इलेक्ट्रॉनच्या कित्येक पट विद्युतभार असलेला एखादा अनोळखी कण बाहेर पडतो का, एवढंच मी इतकी वर्षं शोधतेय. तो यंत्रातून गेला असता तर जाडजूड खूण सोडून गेला असता. आलेखाच्या ज्या कोपऱ्यात ती खूण दिसली असती, तो कोरा आहे. व्हिडिओ कॉलवर परदेशातले सहकारी म्हणाले, स्वच्छ निकाल आहे. मग सगळे जेवायला गेले. मी मात्र तो कोरा कोपरा पाहत बसले. न सापडणं हाही निकालच असतो, हे विद्यार्थ्यांना मीच सांगते. मग आज रडू का येतंय?

आई कापूस वेचून आली. बाबा गेल्यापासून मी इथूनच काम करते, पण नेमकं काय करते ते तिला कधी धड सांगितलं नव्हतं. आज सगळं सांगितलं.

"मंग, सापडलं काय?"

"नाही. आम्ही पाह्यलं तिथं नाही, एवढं समजलं."

"तू एकलीच शोधून राह्यली होती काय?"

"नाही वं, शेकडो लोकं आहेत."

ती हातपाय धुवायला निघाली होती, दारातच थांबली. "मंग त्यातल्या कोनी आज तुले फोन केला काय? कशी आहे म्हून?"

मी हो म्हणाले. तिला ते पटलं नसावं. हात न धुताच ती माझ्याजवळ येऊन बसली.