डुकरांवरचा आळ

अबाइयांग बेट,
मंगळवार, ६ ऑगस्ट

माझ्या गुणी ब्वेनाता,

तुला मौरी! इकडं सगळे बरे. माझा गुडघा म्हणशील तर दुखतोय, पण सोबतीला आहे. यंदा नीरफणस इतके लागलेत की झाडाखाली झोपायची सोय नाही. माझी नात इंजिनिअर झाली, बेटाबेटांवरच्या विहिरी तपासते, हे मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगते. "आजी, कालच सांगितलंत," म्हणतात. मी म्हणते, "मग आज नीट ऐका!"

तू सांगितलंस म्हणून डुकरं पार समुद्राकडं नेऊन बांधली. आपल्या विहिरीचं पाणी त्यांनीच नासवलं म्हणालीस. पण बाई, शंका मला तेव्हाच आली होती. विहिरीपासून पावलं मोजत तू आजोबांच्या थडग्यापर्यंत आलीस. मी तिथंच चटईवर बसलेली. मला बघितलंस आणि एकदम डुकरांकडं वळलीस. तिकडची पावलं काही मोजली नाहीस. शाळा दोनच वर्षं केली मी, डोळे पुरते आहेत.

मग दवाखान्यातली तिआरेती दोन बाटल्या देऊन गेली, एक जादाची. विहिरीचं पाणी भरायचं, काळं पडलं तर वाईट. दुसऱ्याच दिवशी काळं! आधी वाटलं, बाटलीच खोटी. मग वाटलं, शेजारच्या तोआकाईनंच काही टाकलं, त्याची नजर बरी नाही. शेवटी, रागावू नकोस, दुसऱ्या बाटलीत चर्चच्या टाकीतलं पावसाचं पाणी भरून दिलं. तुझं बोलणं खोटं पडू नये म्हणून.

विहीर सुधारली म्हणून गाव खूश. तोआकाईही आपलंच पाणी नेऊ लागला. रविवारपासून त्याच्या धाकटीला जुलाब. मी म्हटलं, "ते पाणी देऊ नकोस." तर म्हणतो, "आजी, ब्वेनाता कधी खोटं बोलते का?"

तरी खरं सांगायला मी वेळ लावला गं. एक दिवसभर. काल जाऊन सगळं सांगितलं. तो ओरडला नाही, पोरीला उचलून दवाखान्यात पळाला. आज तिनं पेज घेतली.

बादलीचा आवाज ऐकू यावा म्हणून तुझ्या आजोबांना विहिरीजवळ मीच ठेवायला लावलं होतं. आता बादलीचा दोर सोडून थडग्यावर ठेवलाय. त्यांना म्हटलं, तुमचा दोष नाही, जागा माझी चुकली.

तुझ्या कागदावर डुकरं खोड. आजोबा लिही. मी रडणार नाही.

डुकरं परत घरी आणणारी,
तुझी आजी