पोरं आली की तोड

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (तुझा गुडघा अजून वाकत नसेल, म्हणून तुझ्याही वाटचं मीच वाकतो.) काल फोनवर तू ज्या आवाजात माझी खरडपट्टी काढलीस, त्यावरून ऑपरेशन चांगलंच मानवलेलं दिसतं. माझी बाजू ऐकायच्या आत तू फोन आपटलास, म्हणून हा पत्राचा खटाटोप. पत्र मध्येच तोडता येत नाही.

ऑपरेशनला निघताना तू तुझ्या स्ट्रॉबेरीच्या कुंड्या माझ्या गॅलरीत उतरवल्यास आणि गाडीत बसता बसता, एक पाय आत नि एक बाहेर अशा अवस्थेत, सूचनांचा भडिमार केलास. पानांवर पाणी नको, फळाखाली पेंढा घाल, पाखरांपासून जप. आणि काच वर जाता जाता शेवटची सूचना, "पोरं आली की तोड, मागेपुढे बघू नकोस." आता तूच सांग, यातून शहाण्या माणसाला काय कळेल? तुझी नातवंडं सुट्टीत आली की फळं तोडून त्यांच्या हातावर ठेव, चिकटपणा करू नकोस. मला तरी तेच कळलं. (चिकटपणाचा टोमणा झोंबला, पण तू आजारी होतीस म्हणून गिळला.)

मग मी त्या फळांची राखण सुरू केली. शहरात पेंढा कुठून आणू? हिचा नवा कोरा झाडू सोडवून पसरला. हिनं दोन दिवस घर झाडलं नाही आणि मला बोलता आलं नाही. पाखरांसाठी बैठकीचा जाळीचा पडदा काढून कुंड्यांवर टाकला. त्यामुळे फळं झाकली गेली आणि आम्ही उघडे पडलो. समोरचे दातांचे डॉक्टर आता आमच्या ताटात काय आहे ते बघून मान हलवतात. गोगलगायींचं तर विचारूच नकोस. तो प्राणी सावकाश चालतो ही निव्वळ अफवा आहे, मी चष्मा पुसेपर्यंत अर्धं फळ गायब असायचं.

एकेक फळ लालबुंद झालं. ही म्हणाली, तोडा आता. मी म्हटलं, पोरं येऊ देत, ताईचा शब्द आहे. तुझ्या मुलाला फोन केला, पोरांना कधी पाठवतोस? तो म्हणाला, परीक्षा आहेत. फळं काळपट झाली. पुन्हा फोन केला, तर म्हणे शिकवणी आहे. शेवटी फळांना करड्या बुरशीची दाढी फुटली तेव्हा ही म्हणाली, आता पोरं आली तर या फळांनाच आजोबा म्हणतील. मी डोळ्यांत पाणी आणून एकेक फळ कचऱ्यात टाकलं.

आणि काल तुझा फोन. "पोरं तोडलीस का?" मी म्हटलं, अजून आलीच नाहीत. "एवढ्या दिवसांत एकही पोर नाही?" मी म्हटलं, तुझा मुलगा पाठवेल तेव्हा येणार ना! त्यानंतर मला कळलं की झाडाच्या बुडातून दोरीसारख्या फांद्या निघतात, त्यांच्या टोकाला पिल्लू रोप धरतं, आणि त्याला तू 'पोरं' म्हणतेस! ती सगळी ताकद ओढून घेतात, म्हणून दिसताक्षणी तोडायची. अगं, मग फांद्या म्हण ना! इकडे मी त्यांना झाडाची भरभराट समजून गोंजारत होतो. एक पोर हिच्या तुळशीत घुसलंय, एक चपलांच्या खणात, आणि एक कठड्यावरून खालच्या बिऱ्हाडात लोंबतंय.

तर कळवण्यास कारण की, आज सकाळी कात्री घेऊन तुझ्या हुकमाप्रमाणे सगळी पोरं तोडली. विषय संपला. रविवारी ये आणि तुझ्या कुंड्या एकदाच्या घेऊन जा. माझ्याच्यानं हे होणार नाही.

तुझा,
(तुझ्या मते) बिनडोक भाऊ

ता. क. तोडली हे खरं. पण तू 'तोड' म्हणालीस, 'टाक' म्हणाली नाहीस. कपांत माती घालून लावली आहेत. आम्ही चहा पेल्यातून पितो.

ता. क. २. रविवारी आयांना घेऊन जा, पोरं मात्र इथंच राहू देत. आमची दोन्ही मुलं लांब गेल्यापासून सकाळी उठल्यावर कुणाला पाणी हवंय का, हे विचारायला या घरात कुणी नव्हतं. आता गॅलरीभर आहेत. आणि एक फळ अजून शाबूत आहे, उद्यापरवा पिकेल. तेव्हा दोन पायांची पोरं तेवढी सोबत आण, परीक्षा गेली खड्ड्यात.

ता. क. ३ (वहिनीच्या हातचा). ताई, ते फळ म्हणजे नुसतं आमिष आहे, यांनी ते काल तुमचा फोन झाल्यावर रागाच्या भरात कच्चंच खाल्लं. पोरांना घेऊन याच, मी दुसरं काहीतरी करते. आणि येताना डझनभर कप आणा. हे सकाळपासून मोजतायत, अजून पोरं येतायत.