माय, तुला शनी दिसला होता का?

माय, त्या संध्याकाळी नांदेडला कॉलेजच्या मैदानावर तू दुर्बिणीला डोळा लावलास, तेव्हा तुला शनी दिसला होता का? तू "दिसला" म्हणालीस आणि मी ते खरं धरलं. आता मात्र हा प्रश्न मनातून जात नाही, आणि उत्तर फक्त तुझ्याकडे होतं.

आदल्या दिवशीची सकाळ आठवते. हदगावच्या घरात तू भाकरी थापते आहेस आणि मी बाजूला बसून तुला शनीची कडी समजावते आहे. आपल्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे शिकलेलं सगळं तुझ्यापुढे ओतायची मला घाई असायची. परातीत भाकरीभोवती पिठाचं रिंगण पडलं होतं. मी म्हणाले, कडी म्हणजे असंच, अखंड कडं नाही. बर्फाचे आणि दगडांचे असंख्य तुकडे, काही कणाएवढे, काही घराएवढे, सगळे शनीभोवती फिरणारे. "मग खाली सांडत न्हाईत का?" तू विचारलंस. मी म्हणाले, शनी त्यांना ओढतच असतो, पण ते इतक्या वेगाने पुढे धावतात की पडता पडता त्याच्याभोवतीच फिरत राहतात. तू भाकरी तव्यावर टाकलीस. "म्हंजी त्यायलाबी बसायला सवड न्हाई," म्हणालीस. मग मी त्याच्या सगळ्यात मोठ्या चंद्राबद्दल, टायटनबद्दल सांगितलं. तिथेही पाऊस पडतो, तळी आहेत, पण पाण्याची नाहीत. आपल्याकडे जो वायू जळतो तोच तिथल्या थंडीत पातळ होऊन पडतो. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. मग हळूच म्हणालीस, "पर शनीला असं समोरून बघावं का, पोरी?" आपल्याकडे शनीच्या देवळात कुणी थेट समोर उभं राहत नाही, बाजूने हात जोडतात, हे मला ठाऊक होतं. मी हसले. शेजारची काकू दारातून म्हणाली, "लोकं लेकीला साडेसातीतून सोडवतेत, हिची लेक हिला शनीच्या दारात नेऊन राहिली." त्यावर तूही हसलीस, आणि मला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी आपण एसटीने आलो. नुकता अंधार पडला होता. रांग लांब होती. तुझी पाळी आली तेव्हा तू चपला काढल्यास. दुर्बिणीवरचा मुलगा म्हणाला, "मावशी, राहू द्या की." तू ऐकलं नाहीस. डोक्यावर पदर घेतलास, हात जोडलेस आणि वाकलीस. मी तुझ्या मागे होते. मला पदर दिसत होता, डोळे दिसत नव्हते. लगेच सरळ होऊन म्हणालीस, "दिसला. चला, मागं लोकं हायेत." परतीच्या गाडीत मी विचारलं, कसा होता? "शांत होता," तू म्हणालीस. किती सुंदर उत्तर वाटलं मला ते. पुढचा उन्हाळा तू पाहिला नाहीस, आणि ते उत्तर मी किती जणांना सांगितलं असेल.

आता मी लातूरला नोकरी करते. दुर्बीण घेऊन गावोगावच्या शाळांत जाते आणि भिंगाच्या बाजूला उभी राहते. तिथून बघणाऱ्याचा डोळा दिसतो. परवा हिमायतनगरला एका म्हाताऱ्या मावशींनी हात जोडले, भिंगाला डोळा लावला आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. "दिसला," त्या म्हणाल्या. मला तुझा पदर आठवला. मी म्हणाले, "मावशी, डोळा उघडा ना." "कसा उघडू, बाई? त्याची नजर पडंल." मी म्हणाले, "तो लई लांब आहे. त्याच्याकडून निघालेला उजेडच इथं यायला तासाच्या वर लागतो." त्यांनी विचार केला. "म्हंजी त्याची नजर येस्तोवर मी घरी?" "घरी, अन् जेवूनसुद्धा." मागची रांग हसली. त्यांनी पुन्हा डोळा लावला, आणि या वेळी उघडला. मग कितीतरी वेळ त्या हलल्याच नाहीत. "मण्यात दोरा ओवल्यावानी हाय," म्हणाल्या.

सध्या कडी आपल्याकडे जवळजवळ कडेने आहे, म्हणून दोऱ्यासारखी बारीक दिसते. साधारण पंधरा वर्षांनी असं होतं. तुझ्या वेळी ती पूर्ण उघडी होती, माय. तेव्हा मी तुझ्या बाजूला उभी राहिले असते तर?

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर मीच वाचून दाखवलं असतं, आणि एवढं एक वाक्य नक्की गाळलं असतं: त्या मावशींनी डोळा उघडला, तेव्हा क्षणभर मला त्यांचा राग आला.